मातीला आले आणि चहा पिऊन गेले

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच साहेबराव पाटील, अंबडहून एसटीची धूळ खात वेळेवर पोचलेले विस्तार अधिकारी साहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे वडीलधारे सहकारी मच्छिंद्र गुरुजी, त्यांच्या शेजारी बसलेल्या उषावहिनी, वाटूरहून आलेली वहिनींच्या माहेरची मंडळी, शाळेतले माझे सहकारी, समोर बसलेल्या ग्रामस्थ बंधू-भगिनींनो आणि सतरंजीच्या कडेला एकमेकांना ढकलत बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, तुम्हा सर्वांना या पुंजाराम खरातचा सविनय जय भीम आणि नमस्कार.

अध्यक्ष महाराज, माझ्या आधीच्या वक्त्यांनी गुरुजींच्या सेवेचं वर्णन केलं. शाळेपुढचे लिंब त्यांनी लावले, पाढे त्यांनी पाठ करून घेतले, छडी त्यांनी कुठल्या साली सोडली, हे सगळं सांगून झालं. छडी सोडली त्या सालाबद्दल समोर बसलेल्या काही जुन्या विद्यार्थ्यांचा मतभेद दिसतो, पण तो त्यांनी गुरुजींशीच मिटवावा. मी ते पुन्हा सांगत नाही. मला बोलायचं आहे ते गुरुजींच्या आजारपणाबद्दल.

बघा, सगळे एकदम गप्प झाले. आतापर्यंत कुरकुर करणारा लाऊडस्पीकरसुद्धा गप्प झाला. या गावात गुरुजींच्या त्या आजाराबद्दल सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. निरोपाच्या दिवशी असलं काही काढायचं असतं का, असं पाटलांच्या चेहऱ्यावर दिसून राहिलं आहे. पाटील, घाबरू नका. मी गुरुजींना आधी विचारलं आहे. ते म्हणाले, "पुंजाराम, माझी तंगडी मोडली असती तर तू सांगितलं असतं का न्हाई? मंग हेही सांग." उषावहिनींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा भाऊजी, पण माझ्या आईचं जरा सांभाळून सांगा." तेवढं मात्र माझ्याच्यानं होणार नाही. गिरिजाआजी समोरच बसल्या आहेत, त्यांची मी आधीच माफी मागतो.

आणि हे आजच सांगायचं, याला माझ्या घरचं एक कारण आहे. सध्या माझ्याही घरात एक माणूस असंच भिंतीकडे तोंड करून बसलेलं आहे. त्या माणसासाठी मला तुम्हा सर्वांकडे एक मागणं मागायचं आहे. ते मी शेवटी मागतो. आधी मागितलं तर त्याचा अर्थ लागणार नाही.

तर मंडळी, तीन वर्षांमागची दिवाळी आठवा. सुटी संपून शाळा उघडली. मच्छिंद्र गुरुजी वर्गात आले, फळ्यावर तारीख लिहायला खडू उचलला आणि तारीख न लिहिताच उभे राहिले. पोरांना वाटलं गुरुजी तारीख विसरले. मागच्या बाकावरून एकानं ओरडून सांगितली सुद्धा. गुरुजी वळले नाहीत. शेजारच्या वर्गातून मी गेलो, त्यांच्या हातातला खडू घेतला, म्हटलं, "गुरुजी, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "बरं आहे." आवाज त्यांचाच होता, पण माणूस आत कुठंतरी लांब होता.

पुढं त्यांचं शाळेत येणं थांबलं. दाढी वाढली. अंगात ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखत नाही. सकाळी उठून घराच्या ओट्यावर येऊन बसायचे, तेही रस्त्याकडे पाठ करून. जेवायला बोलावलं तर येत नव्हते, ताट पुढं नेलं तर बघत बसायचे. झोप उडाली होती. ज्या माणसानं सगळ्या गावाला पत्रं लिहून दिली, वाचून दाखवली, त्याच्या तोंडून एक शब्द निघायचा तर उषावहिनींना सणासारखं वाटायचं.

आता आपलं गाव काही दुष्ट नाही. आपलं गाव मदतीला धावणारं आहे, आणि तिथंच घोटाळा झाला. जो तो औषध घेऊनच धावला. कोणी म्हणालं, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरा. कोणी भगताचं नाव सांगितलं. कोणी म्हणालं, गुरुजींचं वाचन फार, त्यानं डोकं तापतं, पुस्तकं माळ्यावर टाका. पोटाचा विकार म्हणून एरंडेल पाजणारेही निघाले, आणि गुरुजींनी मुकाट्यानं ते पिलं, यावरूनच ते किती आजारी होते हे आपल्याला कळायला हवं होतं. सगळ्यात जास्त गर्दी झाली ती समजावणाऱ्यांची. "गुरुजी, काय कमी आहे तुम्हाला? पगार आहे, घर आहे, लेकी चांगल्या घरी पडल्या. मग कशाचं दुःख?" हा प्रश्न विचारला नाही असा माणूस शोधावा लागेल. आणि पारावर बसून असंही बोललं गेलं की मास्तर नाटक करून राह्यला, फुकट रजा खाऊन राह्यला. बोलणारे आज इथं आहेत, पण आजचा दिवस गोडाचा आहे, म्हणून मी त्यांच्याकडे बघत नाही.

बरं झाल्यावर गुरुजींनी मला एकदा सांगितलं. म्हणाले, "पुंजाराम, दुःख असतं तर रडलो असतो. रडूसुद्धा येईना. पाण्याचा तांब्या हाताशी असायचा, तो उचलू की नको, याच्यातच सकाळ जायची. आणि लोक येऊन विचारायचे, तुम्हाला काय कमी आहे. मला ते सगळं बराबर पटायचं. काही कमी न्हाई आणि तरी मी असा, म्हणजे मीच नालायक, असं वाटायचं." मित्रहो, आपण धीर द्यायला जात होतो आणि एकेक धोंडा त्यांच्या छातीवर ठेवून घरी येत होतो. जाताना वर म्हणत होतो, "गुरुजी, आनंदात राहा."

आता यात द्वारकाबाई कशा आल्या ते सांगतो. द्वारकाबाईंची ओळख करून द्यायची गरज नाही, पण साहेब परगावचे आहेत म्हणून सांगतो. त्या बघा, बायकांच्या पहिल्या रांगेत हिरवं लुगडं नेसून बसल्या आहेत आणि मी त्यांचं नाव घेतल्यामुळे शेजारणीला कोपर मारत आहेत. गुरुजींच्या घराला त्यांच्या घराची भिंत लागून आहे. त्यांचा आवाज असा की त्या घरातून सुनेला हाक मारतात आणि शाळेतली पोरं रांगेत उभी राहतात.

एके सकाळी द्वारकाबाईंच्या लक्षात आलं की उषाच्या चुलीचा धूर निघाला नाही. त्या गेल्या. उषावहिनी विझलेल्या चुलीपुढं बसलेल्या.

"काय गं उषा, चूल का न्हाई पेटली?"

"कुणासाठी पेटवू, मावशी? ते खात न्हाईत. मला गिळत न्हाई."

द्वारकाबाई बाहेर आल्या. गल्लीतल्या बायकांना गोळा केलं आणि म्हणाल्या, "या घरी कुणी मेलं असतं तर आपण न बोलावता गेलो असतो. भाकरी घेऊन गेलो असतो. कुणी मेलं न्हाई, म्हणून कुणी जाईना. आन जे जातेत ते श्यानपणा शिकवायला जातेत. हे बराबर हाय का?"

साहेब, आपल्याकडे रीत आहे. कुणाच्या घरी माती झाली की त्या घराची चूल बंद असते. मग शेजारपाजारचे, भावकीतले पिठलं-भाकरी घेऊन जातात, त्या घरच्या माणसांना दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. आणि त्या घरी बसायचीही एक पद्धत आहे. तिथं कोणी विचारत नाही की बाई, तू का रडतेस. कोणी म्हणत नाही की हस, मन रमव. माणसं येतात, बसतात. रडलं तर रडू देतात, गप्प राहिलं तर गप्प राहतात. आणि उठताना 'येतो' म्हणत नाहीत. दुःखाच्या घरी परत येणं व्हावं असं कोणालाच वाटत नाही, म्हणून न सांगता, मागं न बघता उठून जायचं. ही रीत आपल्या आज्या-पणज्यांनी केली. तिच्यात केवढी समजूत आहे याचा आपण कधी विचार केला का?

द्वारकाबाईंनी केला. त्या म्हणाल्या, आजपासून या घरी आपण मातीच्या घरावानी जायचं. गल्लीत खळबळ उडाली. जित्या माणसाच्या दारात कडू घास? असलं अशुभ कुठं करतात का? द्वारकाबाई म्हणाल्या, "अशुभ व्हायचं ते होऊन बसलंय. तुम्ही या, न्हाईतर नका येऊ. मी चालले." आणि दुरडीत भाकरी, वरती पिठल्याचं पातेलं, त्याच्यावर पांढरं फडकं, असं घेऊन त्या निघाल्या.

मंडळी, खरा पराक्रम पुढं आहे. या बाई गुरुजींच्या ओट्यावर बसल्या आणि बोलल्या नाहीत. हसू नका. जे त्यांना ओळखतात त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. शब्द गळ्यापर्यंत यायचा, त्या पदर तोंडात धरायच्या, आणि तो परत जायचा. घरी गेल्यावर सुनेवर सगळा वचपा निघायचा, ते वेगळं. पण ओट्यावर एक शब्द नाही. बसायच्या, शेंगा फोडायच्या, दोन घास गुरुजींच्या पुढं ठेवायच्या, खाल्ले तर खाल्ले. आणि न सांगता उठून जायच्या.

हळूहळू गल्ली यायला लागली. पुरुषही यायला लागले. आम्ही पाळ्या लावून घेतल्या. मीही बसायचो. आम्हा लोकांना बुद्धवंदनेला डोळे मिटून बसायची सवय असल्यामुळे मला ते जरा सोपं गेलं, पाटलांना फार अवघड गेलं. पाटील, तुम्ही ओट्यावर बसून घोरत होता, ते मी सांगणार नव्हतो. पण तुमच्या घोरण्यानं गुरुजींच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याबद्दल गाव तुमचं आभारी आहे.

आता गिरिजाआजी, तुमचा भाग आला.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात काय विकत मिळत नाही ते सांगा, पण बातमी फुकट मिळते. आपल्या गावचं कोणीतरी बाजारात बोललं की मच्छिंद्र मास्तरच्या घरी रोज कडू घास चालू आहे. वाटूरच्या एका माणसानं ते ऐकलं. कडू घास म्हणजे काय, हे वाटूरच्या माणसाला सांगावं लागतं का? त्यानं ती गोष्ट वाटूरला नेली आणि उषावहिनींच्या माहेरी सांगितली. झालं! सर्जेराव मामा, म्हणजे गुरुजींचे मेहुणे, ते बघा टोपी हातात घेऊन बसलेत, त्यांनी आपल्या आईला आणि भावकीला घेऊन मिळेल ती एसटी पकडली. आपल्याला दाजींच्या मातीचा सांगावासुद्धा कोणी धाडला नाही, याचा राग आणि दुःख दोन्ही घेऊन मंडळी फाट्यावर उतरली.

रीतीप्रमाणे बायकांनी गल्लीच्या तोंडाशीच हंबरडा फोडला. आपल्याकडे सांगून रडतात. गेलेल्या माणसाचे गुण घेऊन रडतात. गिरिजाआजी पुढं, त्यांच्या मागं बाकीच्या. "माझा देवावानी जावई गेला गंऽऽ! कधी उंच आवाजात बोलला न्हाई गंऽऽ! माझ्या लेकीला अक्षर शिकीवलं गंऽऽ! आळणी कालवण मुकाट खाल्लं गंऽऽ!" उषावहिनी घाबरून दारात आल्या. त्यांना वाटलं, आपल्या माहेरचंच कोणी गेलं. मायलेकी गळ्यात पडल्या. रडता रडता गिरिजाआजींनी लेकीचे हात धरले, आणि बघतात तर हातात बांगड्या जशाच्या तशा! कपाळावर कुंकू! आजी रडणं थांबवून म्हणाल्या, "अगं, अजून हे कसं काय?"

आणि त्या वेळी ओट्यावरची भिंत सोडून एक दाढी वाढलेला माणूस उठला. कित्येक दिवसांत स्वतःहून उठला नव्हता. हाताशी पाण्याचा तांब्या होता, तो त्यानं उचलला आणि म्हणाला, "सर्जेराव, पाणी घ्या. उन्हातून आलात."

सर्जेराव मामा खालीच बसले. आणि गिरिजाआजींनी काय करावं? चटकन डोक्यावरून पदर ओढला. मेलेला का होईना, समोर जावई होता!

हसा, मनमोकळं हसा, त्या दिवशी सगळी गल्ली हसली होती. सर्जेराव मामा पाणी पिऊन म्हणाले, "दाजी, आम्ही तुमच्या मातीला आल्तो." गुरुजी म्हणाले, "मंग आता चहा घेऊन जा." एवढं बोलले आणि पुन्हा बसले. मातीला आलेले पाहुणे चहा पिऊन गेले, असं गाव आपलंच एक असावं.

पण हसण्याच्या पलीकडं त्या दिवशी एक गोष्ट झाली, आणि त्यासाठीच मी हे सगळं सांगत आहे. पाहुण्यांचा चहा चालला होता. मी गुरुजींच्या बाजूला बसलो होतो. ते माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "पुंजाराम, मला रोज वाटतं, मी नसलो तर हे सगळे सुटतील. उषा सुटंल, शाळा सुटंल. मळ्यातल्या विहिरीपर्यंत मी दोनदा जाऊन आलो. आज म्हातारीचं रडणं ऐकलं. मी नसलो तर कोणीच सुटत न्हाई रे. हे असं होतं." आणि ते रडले. त्या आजारपणात पहिल्यांदा रडले.

एवढा मोठा विचार ते एकट्यानं उरात घेऊन बसले होते, आणि आम्ही शेजारी होतो. पण आम्ही शेजारी होतो म्हणूनच तो बाहेर पडला, हेही तितकंच खरं. समजावणाऱ्याला त्यांनी तो कधीच सांगितला नसता.

मी सर्जेराव मामांना बाजूला घेऊन विहिरीचं सांगितलं आणि मुक्कामाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आणि वहिनी गुरुजींना घेऊन औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात गेलो. कोणाला असं वाटायला नको की म्हातारीच्या रडण्यानं गुरुजी बरे झाले. गोष्टीत तसं होतं. गुरुजी औषधानं आणि वेळ देऊन बरे झाले. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. विहिरीचंही मी गुरुजींच्या समोरच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे, इंग्रजीत याला डिप्रेशन म्हणतात. याच्यात माणसाचा दोष नाही, आळस नाही, नाटक नाही. गोळ्या देतो, गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच बंद करू नका. आणि यांना एकटं सोडू नका. सर्जेराव मामांनी विचारलं, "साहेब, आम्ही त्यांना काय बोलावं?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आत्तापर्यंत काय करत होता?" मामांनी द्वारकाबाईंचं सगळं सांगितलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "तेच चालू ठेवा. फक्त नातेवाइकांना कळवून ठेवा."

मग गोळ्या आणि ओटा, दोन्ही चालू राहिलं. एकदम काही झालं नाही. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी गुरुजी पुन्हा भिंतीकडे तोंड करायचे, आणि उषावहिनींचा धीर सुटायचा. तेव्हा कळलं की ओट्यावर बसायचं असतं ते निम्मं उषावहिनींसाठी. आजारी माणसाजवळ आपण बसलो की त्या बाईला नदीवर जाऊन मोकळ्या मनानं धुणं आपटता येतं.

आणि एके सकाळी असं झालं. द्वारकाबाईंची पाळी होती. शेंगा फोडून झाल्या, त्या नेहमीप्रमाणे न सांगता उठल्या आणि पायऱ्या उतरायला लागल्या. मागून आवाज आला. "द्वारकाबाई, न सांगता निघालात?"

द्वारकाबाई वळल्या. गुरुजी रस्त्याकडे तोंड करून बसले होते. द्वारकाबाई म्हणाल्या, "येते गुरुजी." गुरुजी म्हणाले, "या." त्यानंतर द्वारकाबाई जायच्याऐवजी परत वर आल्या, खाली बसल्या, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं बोलायला सुरुवात केली ती दुपारची शाळा सुटेपर्यंत. गुरुजी आजही म्हणतात, "पुंजाराम, आजार बरा, पण ती दुपार!"

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गुरुजी कामावर परत आले तेव्हा काही पालक म्हणाले, डोकं फिरलेल्या मास्तरच्या हाताखाली आमची पोरं ठेवणार नाही. त्या वेळी पाटील आपल्या नातवाचा हात धरून शाळेत आले, त्याला गुरुजींच्या वर्गात पहिल्या बाकावर बसवलं आणि स्वतः व्हरांड्यात बसून राहिले. काही बोलले नाहीत. बसण्याची सवय लागली होती ना! बाकीची पोरं आठवडाभरात आपोआप आली. गुरुजींनी नोकरी पुरी केली आणि आज मानानं निवृत्त होत आहेत. मधे एकदा त्यांना पुन्हा तसं वाटायला लागलं होतं. या खेपेला त्यांनी स्वतःच वहिनींना सांगितलं, स्वतःच औरंगाबादची गाडी धरली. माझ्या दृष्टीनं गुरुजींनी या शाळेला दिलेला सगळ्यात मोठा धडा तो आहे.

आता माझं मागणं.

माझी पत्नी सगुणा तुम्हाला माहीत आहे. जयंतीला सगळ्या वस्तीच्या बायकांना गाणी शिकवणारी, नदीवर हसली तर अलीकडच्या काठावर ऐकू येणारी. गेल्या काही महिन्यांपासून ती भिंतीकडे तोंड करून बसते. औरंगाबादला दाखवलं आहे, त्याच डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. मी तिला विचारलं, गुरुजींच्या निरोपाला तुझं नाव घेऊन सांगू का? ती भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिली. मग म्हणाली, "सांगा. लपून राहायचाबी कंटाळा आलाय." म्हणून मी सांगत आहे.

माझं घर गावाच्या त्या टोकाला, आमच्या वस्तीत आहे. तिथं यायची तुमच्यापैकी पुष्कळांना सवय नाही, हे मला ठाऊक आहे. द्वारकाबाईंच्या घरी माझ्यासाठी वळचणीला एक वेगळा कप खोचलेला असायचा, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. तेव्हा आमच्या दारात कोणी येईल का, हा विचार करत मी काही दिवस घालवले.

परवा सकाळी दारात पाहिलं तर दुरडी, तिच्यावर पांढरं फडकं, आणि मागं हिरवं लुगडं. एवढं वय झालेली बाई ओढा उतरून, चढून आली होती. माझ्याशी बोलल्या नाहीत. सगुणाच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसल्या. शेंगा फोडत बसल्या. मधे तहान लागली तेव्हा आमच्या रांजणाकडे बोट दाखवलं. मी तांब्या भरून दिला, त्या पाणी प्यायल्या, तांब्या खाली ठेवला, आणि न सांगता उठून गेल्या. त्यावर मला पुष्कळ बोलता येईल. पण मी बोलणार नाही. गप्प कसं बसायचं हे त्यांनीच शिकवलं आहे.

त्या दिवशी सगुणानं अर्धी भाकरी खाल्ली.

माझं मागणं एवढंच. उद्यापासून गुरुजी मोकळे आहेत. सकाळी काय करायचं, असं ते कालच मला विचारत होते. गुरुजी, आमच्या ओट्यावर तुमची जागा राखून ठेवली आहे. तुमच्याइतकं त्या भिंतीला ओळखणारं गावात दुसरं कोणी नाही. पाटील, तुम्हीही या, घोरायला हरकत नाही. ज्यांना जमेल त्यांनी यावं, बसावं, काही विचारू नये, काही शिकवू नये. सर्जेराव मामा, तुम्हाला बाजारात काहीही कानावर आलं तरी आमच्याकडे सगळे जिवंत आहेत, हे ध्यानात ठेवा.

गुरुजी, तुम्हाला आणि उषावहिनींना निरोगी, निवांत आयुष्य लाभो, ही माझ्या सहकाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या वतीनं मनापासूनची इच्छा. अध्यक्षांनी दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोललो, त्यांनी टोपी दोनदा सारखी केली तरी मला थांबवलं नाही, याबद्दल त्यांचा ऋणी आहे. साहेब एसटी चुकवून बसले, त्यांचे आभार. सतरंज्या, चहा आणि लाऊडस्पीकर सांभाळणाऱ्या मंडळींचे आभार. गिरिजाआजींनी मला हसत हसत ऐकून घेतलं, त्यांचे पाय धरतो. बोलण्याच्या भरात कोणाला लागेल असा शब्द गेला असेल, तर त्यानं मनात ठेवू नये. रागवायला म्हणून का होईना, आमच्या घरी यावं.

फक्त आमच्या घरून निघताना सध्या कोणी 'येतो' म्हणू नका. तसंच उठून जा. एक दिवस मागून सगुणा विचारील, "न सांगता निघालात?" त्या दिवशी जो कोणी ओट्यावर असेल त्यानं परत वर येऊन बसायचं. चहा मी टाकतो.

जय भीम. नमस्कार.